नाण्यांचा अल्बम, काटा, भिंग आणि वही : वर्षभर वापरल्यानंतर

मी बेळगावच्या शहापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सकाळी दहापासून हातातून पैसेच जातात, पण त्यातलं एखादं नाणं आपलं म्हणून बाजूला काढावं असं एकवीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. गेल्या श्रावणात एक भाजीवाली मावशी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, भरायला चिल्लर घेऊन आली. मोजताना त्यात गेंड्याचं चित्र असलेले चार आणे निघाले. म्हटलं, "मावशी, हे चालत नाही आता." चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर व्यवहारातून गेली, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणाली, "मग तूच ठेव की बाई. दहा वर्षं झाली, पिशवीतच फिरालंय ते." पर्समधला एक रुपया तिला दिला आणि ते नाणं चष्म्याच्या डबीत टाकलं. त्या डबीचं वर्षभरात काय झालं आणि त्यापायी मी काय काय विकत घेतलं, त्याचा हा हिशेब. नवीन कुणी या नादाला लागणार असेल तर त्याचे दोन पैसे वाचावेत.

पहिली खरेदी उतावीळपणे झाली. ऑनलाइन एक तयार 'किट' मागवलं, अकराशे पन्नास रुपयांचं. त्यात २४० कप्प्यांचा अल्बम, दिवा असलेलं ६० पट भिंग, पांढरे हातमोजे आणि प्लॅस्टिकचा चिमटा. चिमट्यातून नाणं दुसऱ्याच दिवशी निसटून फरशीवर पडलं, तेव्हापासून तो मुलाच्या कंपासपेटीत आहे. हातमोजे घातले की नाणं हातात आहे की नाही तेच कळत नाही. हात धुऊन, कोरडे करून, नाणं कडेला धरलं की पुरतं.

अल्बमबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यानंच मला रडवलं.

दिसायला देखणा. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. उघडला की नव्या रेक्झिनच्या पिशवीसारखा वास यायचा. मला तो वास नवेपणाचा वाटला. खरं तर तो पीव्हीसीचा वास होता. हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं, प्लॅस्टिक स्वतःही कुजत जातं आणि आम्ल सोडतं. उष्णता आणि दमट हवा असली की हे काम भरभर होतं. आता बेळगावचा पाऊस सांगायला नको. जूनपासून चार महिने आमच्या घरात कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते. त्याआधी एप्रिल-मे पत्र्याखालच्या खोलीत. म्हणजे अल्बमला जे नको तेच सगळं आम्ही त्याला दिलं.

मृगाचा पाऊस लागल्यावर एका रविवारी अल्बम काढला, तर भोकाच्या पैशाच्या कप्प्यात हिरवट ओल दिसली. भोकाचा पैसा म्हणजे १९४३ ते १९४७ मधला. युद्धात तांबं वाचवायचं म्हणून मधोमध भोक पाडून काढलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा. बोट लावलं तर बोटाला चिकट लागलं, भेंडी चिरल्यावर लागतं तसं. शेजारच्या पाव आण्यावरही तेच. अकरा नाणी त्या दिवशी बाहेर काढली. मग चौकशी करून शाळांना रसायनं पुरवणाऱ्या एका दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणलं. नखांचं पॉलिश काढायचं बाटलीतलं द्रव वापरू नका, त्यात रंग, तेल, सुवास काय वाटेल ते असतं. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून एकेक नाणं बुडवलं. सात नाणी सुधारली. चारांच्या अंगावर हिरव्याखाली खड्डे पडले होते, ते कायमचेच. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की वस्तू परत घेण्याची मुदत दहा दिवसांची होती. नाव घेत नाही, कारण बाजारातले निम्मे स्वस्त अल्बम असेच आहेत. वास घेऊन बघा, एवढंच सांगते.

त्याजागी आता पुठ्ठ्याच्या चौकोनी फ्रेमा वापरते. दोन इंची चौकोन, मध्ये गोल खिडकी, खिडकीला मायलरचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, पारदर्शक पापुद्रा. मायलर नाण्याला काही करत नाही. नाणं मध्ये ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा आणि तिन्ही बाजूंनी स्टेपल मारायचं. घेताना खिडकीचं माप बघून घ्या. माझ्या पहिल्या शंभर फ्रेमा २५ मिलिमीटरच्या होत्या आणि निम्मी नाणी त्यात मावेनात किंवा खुळखुळत होती. स्टेपलची मागची टोकं पकडीनं दाबून सपाट करावी लागतात, नाहीतर शेजारच्या फ्रेमेचा पापुद्रा फाटतो. हे कंटाळवाणं काम आहे. पण पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिता येतं, आणि वर्षाच्या शेवटी तेच सगळ्यात मोलाचं ठरलं. त्याबद्दल पुढे. या फ्रेमा ठेवायला स्टीलचा आडवा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या महिन्याला एकदा तव्यावर गरम करून घेते. आधी कुंद्याच्या मिठाईचे रिकामे डबे वापरले होते. त्याला तुपाचा वास जात नाही आणि मुंग्या येतात.

खिशातला डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, साडेतीनशे रुपयांचा. सगळ्या खरेदीत हा पैसा वसूल झाला, आणि तो पहिल्याच महिन्यात घ्यायला हवा होता. एका जत्रेत मी 'राणी छाप चांदीचा रुपया, १८६२' म्हणून एक नाणं सोळाशेला घेतलं होतं. घरी काटा आल्यावर ठेवलं, ९.८ ग्रॅम. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. झिजून झिजून थोडं कमी भरेल, पण पावणेदोन ग्रॅम कुणी चाटून खात नाही. चांदीचा मुलामा दिलेलं कुठलं तरी हलकं ओतीव नाणं. जत्रेतला माणूस कुठे सापडणार? सोळाशे रुपये अक्कलखाती टाकले. त्यावरून एक गोष्ट मात्र शिकले. १८६२ हे साल पुढची बारा-एक वर्षं तसंच छापत राहिले होते, त्यामुळे त्या सालाचे रुपये भरपूर सापडतात. त्याच्यावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असतं, १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. 'एम्प्रेस' असलेला १८६२ चा रुपया कुणी दाखवला तर चहा पिऊन घरी या.

काट्याची एक खोड आहे. पंखा चालू असला की आकडा नाचतो. म्हणून मे महिन्यात रात्री जेवणं आवरल्यावर, ओट्यावर काटा ठेवून, पंखा बंद करून मी घामाघूम होऊन नाणी मोजत बसायची. काटा बरोबर आहे की नाही हे बघायला वेगळं वजन विकत घ्यावं लागत नाही. रुपयाचं चिन्ह असलेलं २०११ नंतरचं, न झिजलेलं पाच रुपयांचं नाणं ठेवा, ६ ग्रॅम यायला हवं. त्याच मालिकेतला एक रुपया ३.७९. माझ्या काट्यात आता ०.०२ चा फरक येतो. तेवढं चालतं.

लोहचुंबक पाच रुपयांचा, जुन्या स्पीकरमधला. 'वाघाचा चांदीचा रुपया' म्हणून १९४७ चा रुपया गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. तो दिसतो पांढरा, वजनही ११.६६ च, म्हणून काटा त्याला पकडत नाही. पण तो निकेलचा. चुंबकाला टचकन चिकटतो. चांदी चिकटत नाही. एवढ्या एका टचकन आवाजानं माझे नंतर हजारभर रुपये तरी वाचवले असतील. १९४० ते १९४५ च्या जॉर्ज राजाच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, हेही चांदीच्या भावानं घेण्याआधी लक्षात ठेवा.

६० पटीचं भिंग शोभेचं. त्यात नाण्याचा एवढासाच तुकडा दिसतो, तोही हलतो. नंतर १० पटीचं साधं घेतलं, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. सालाखालची खूण, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीतलं ते, बघायला तेवढं पुष्कळ. पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. काउंटरवर बसल्या बसल्या आता साध्या डोळ्यांनी दिसतं. माझी सहकारीण म्हणते, "तू गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाहीस, रुपयाचं बघतीस."

आता वही. खडेबाजारात मिळणारी दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, आम्ही पतसंस्थेत रोजकीर्दीला वापरतो तसली. नव्वद रुपये. ती मी घेतली चौथ्या महिन्यात. त्याआधीची एकशे चाळीस नाणी कुणाकडून आली, कधी आली, किती दिले, काही लिहिलेलं नाही. तेव्हा वाटायचं, लक्षात राहील. कॅशियर बाई, रोज शंभर जणांचे आकडे तोंडपाठ. पण आता त्या नाण्यांकडे बघते तर साल आणि चित्र सोडून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. साल आणि चित्र तर कुणाही जवळच्या त्याच नाण्यावर असतं. त्या एकशे चाळिसांना मी बेवारस म्हणते.

वहीत प्रत्येक नाण्याला एक क्रमांक, तोच क्रमांक पुठ्ठ्याच्या फ्रेमेवर पेन्सिलीनं. मग तारीख, कुणाकडून, कुठल्या गावचं, वजन, व्यास, खूण, किती दिले. आणि शेवटचा रकाना रुंद ठेवला, त्यात देणारा माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. हा रकाना सुरुवातीला हौसेचा होता. आता मी नाणं घेण्याआधी तो भरेल का ते बघते. भरणार नसेल तर बहुतेक वेळा घेत नाही.

क्रमांक १६३. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातली एक आजी, नातवाच्या कर्जाला जामीन म्हणून आलेली. कागदावर अंगठा देऊन झाल्यावर तिनं चंची उघडली, सुपारीबरोबर दोन नाणी काढली. "हे बग बाई, चालतंय काय?" दोन्हींवर १९५८, आणि पोर्तुगीज अक्षरं, एस्तादु द इंडिया. एक ३० सेंताव्हचं काशाचं, लालसर काळं पडलेलं. एक १ एस्कुदोचं, पांढरं. गोव्यात पोर्तुगिजांनी १९५८ मध्ये रुपिया बंद करून एस्कुदो आणला, सहा एस्कुदोंचा एक रुपिया असा भाव होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, म्हणजे या नाण्यांना आयुष्य लाभलं तीन-साडेतीन वर्षांचं. आमच्याकडे ती कशी? आजीचा नवरा म्हापशाला बेकरीत होता. रानातल्या पायवाटेनं जायचा आणि चतुर्थीला यायचा. शेवटच्या रकान्यात तिचं वाक्य आहे : "नोटा खर्चून आला, हे तेवढं पोराला खेळाय आणलं." मी तिला दोनशे रुपये देऊ केले. तिनं शंभर घेतले आणि उरलेल्याचा कुंदा घेऊन दे म्हणाली. दिला.

यापुढचा भाग लिहायला जिवावर येतं. ती दोन नाणी मी रात्री ओट्यावर वाटीत ठेवली आणि झोपले. सकाळी सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, देवाची भांडी घासताना ती वाटी बघितली. चिंच लावून, राखेनं घासून ३० सेंताव्हचं नाणं तांब्याच्या गडव्यासारखं लख्ख करून ठेवलं. "केवढं काळं झालं होतं गं, बघ आता." साठ वर्षांचा चढलेला रंग पाच मिनिटांत गेला. जाणकार अशा घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत, त्याची किंमत उरते ती जवळजवळ धातूचीच. मी काही बोलले नाही. वहीत मात्र लिहिलं, 'चिंचेनं धुतलं, आत्या,' आणि तारीख. अजूनही ते माझ्या डब्यात पहिल्या ओळीत आहे, कारण १६३ व्या ओळीसकट ते नाणं दुसऱ्या कुणाकडे नाही.

आत्यांनी त्याची भरपाई वेगळ्या पद्धतीनं केली. वही बघून त्या स्वतःहून सांगायला लागल्या. त्यांचं लग्नाआधीचं घर वडगावात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्याच्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आत्यांच्या आठवणीत दोन्ही गोष्टी एकच आहेत. "राज्य बदललं म्हणून पैसा बदलला असंच आम्हाला वाटायचं." आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. आता शंभर. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, पण चार आण्यांचे पंचवीस. त्यांच्या वडिलांचं विड्या-काड्यांचं दुकान होतं. एक आण्याचा माल चार वेळा नेला तर चोवीस पैसे, एकदम नेला तर पंचवीस. "गिऱ्हाइक हुशार, चार पोरांना चारदा पाठवायचं." माझ्याकडच्या १९५७ च्या नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असं लिहिलंय. ते लिहायची गरज का पडली असेल ते या चार पोरांमुळे कळलं. चवली म्हणजे दोन आणे, पावली चार, अधेली आठ, हे शब्द आत्या अजून वापरतात. माझा मुलगा ते नाण्यांसकट शिकला.

काउंटरवर आता लोकांना माहीत झालंय. कन्नड बोलणारे गिऱ्हाइक येऊन सांगतात, "हळे नाण्य अदाव्री अक्का," जुनी नाणी आहेत ताई. नाण्य आणि नाणं, दुभाष्या लागत नाही. एका निवृत्त मास्तरांशी माझी अदलाबदल झाली. माझ्या चिल्लरीत २००६ चं महात्मा बसवेश्वरांचं पाच रुपयांचं नाणं दोनदा आलं होतं. त्यांच्याकडे १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया होता. पाचाला एक म्हणजे मी चार रुपयांनी बुडाले असं त्यांनीच हसत हिशेब करून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात उरलेल्या चारांसाठी त्याच सालचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आणून दिलं. अजून दोन येणं आहे.

तांब्याच्या जुन्या शिवराया मोडीच्या तांब्यापितळेत अजून सापडतात. माझ्याकडे तीन आहेत. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' पूर्ण कधीच उमटत नाही. कुणावर 'राजा' आहे, कुणावर नुसतं 'पति'. फार भावाच्या नसतात, पण हातात घेतल्यावर सोडवत नाहीत. घराचा पाया खणताना मडकं सापडलं म्हणणाऱ्या एका माणसाकडून मात्र मी काही घेतलं नाही. जमिनीत सापडलेला ऐवज सरकारला कळवावा लागतो. तो खोटं बोलत असेल तर नाणी खोटी, खरं बोलत असेल तर भानगड खरी.

आणि तो एक फोन सगळ्यांना येतो. वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा. ती पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली आणि भरपूर निघाली. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर सावध केलंय. आमच्याच एका खातेदारानं दोन हजार काढायला स्लिप भरली होती. मी त्याला पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, तो रागावला, पण स्लिप फाडली. राम दरबाराची 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी हाही त्यातलाच प्रकार. कंपनीनं असलं नाणं कधी काढलंच नाही.

तर वर्षाचा हिशेब : तीनशे बारा नाणी, त्यातली एकशे चाळीस बेवारस. काटा, साधं भिंग, चुंबक, मायलरच्या फ्रेमा आणि वही, सगळं मिळून बाराशेच्या आत बसतं. मला तेवढ्यावर अकराशे पन्नासचं किट आणि जत्रेतले सोळाशे जास्तीचे पडले. वहीची चौदा पानं उरली आहेत. परवा खडेबाजारात दुसरी घेऊन आले, या वेळी शेवटचा रकाना आणखी दोन बोटं रुंद आखलाय.

अल्बम टाकून द्यायला काढला होता, आत्यांनी तो मागून घेतला. त्याच्या कप्प्यांत आता भेंडी, दोडका, पडवळ आणि गवारीचं बी आहे, कप्प्यावर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली. बियाला त्या वासाचं काही होत नाही म्हणे. जूनमध्ये पेरल्यावर कळेल.